खुर्चीतलं गिऱ्हाईक एकदम हललं तर?

कैचीवाला_दारव्हा

रामराम मंडळी. आमचं दुकान यवतमाळ जिल्ह्यात, एसटी थांब्याच्या समोर. बाबांची खुर्ची आता मी चालवतो. दुसरी खुर्ची लहान भावाले देणार आहो, म्हणून हा धागा.

मागच्या बाजाराच्या दिवशी गावातल्या एका दुकानात चौथीतल्या पोट्ट्याच्या कानाले कैची लागली. कापलं थोडंसंच, पण कानाचं रक्त किती येते ते तुम्हाले सांगायले नको. शर्ट लाल, माय रडते, बाप कारागिरावर हात उगारते. कारागिराचा हात साफ आहे, रोजचा माणूस आहे. रस्त्यावरून डीजे गेला आणि पोट्टं गर्रकन फिरलं, एवढंच.

तेव्हापासून भाऊ घाबरला. मी त्याले म्हणतो, लेकराचं डोकं घट्ट धर. बाबा म्हणतात, अजिबात धरू नको. घरातच दोन पक्ष पडले. यूट्यूबवर सगळे फेड (खाली बारीक, वर वाढत जाणारी कटिंग) शिकवतात, हे कोणी शिकवत नाही. गिऱ्हाईक हलते केव्हा, तेव्हा हात कुठे जायले पाहिजे, आणि लागलंच तर पहिले काय करायचं? जाणत्यांनी लिहा.

जुना_वस्तरा

तुमचे बाबा बरोबर हायेत. घट्ट धरलं की पोट्टं ताकद लावते. अन् ताकद लावून सुटलं की झटक्यानं सुटते. तो झटकाच कैचीवर येते.

डाव्या हाताची बोटं डोक्यावर टेकलेली पायजेत, दाबलेली नाही. उजव्या हाताची करंगळी गालावर, नाही तं कानामांगं टेकते. मंग डोकं हाललं की हात त्याच्यासंगं हालते अन् कैची अन् कातडीतलं अंतर तेवढंच राहते. जो कारागीर हवेत हात ठेवून कापते, तो गिऱ्हाइकाच्या भरवशावर कापते. नवा पोरगा पायला की मी त्याची कटिंग पाहत नाही, करंगळी पाहतो.

दुसरं असं, कैचीचं एकच पातं चाललं पायजे, अंगठ्याचं. दुसरं जागेवर राहते, अन् ते जागेवरचं पातं कातडीच्या अंगानं ठेवाचं. कंगवा म्हणजे बांध, त्याच्या अलीकडे कैची येऊ द्याची नाही. कानाजवळ गेलं की डाव्या बोटानं कान खाली दुमडून धराचा अन् टोक कानाकडं कधीच नाही. एका बाजूनं दुसऱ्या बाजूले जाताना कैची बंद करून तळहातात घ्याची. अर्ध्या जखमा कापताना होतच नाहीत, हात इकडून तिकडं जाताना होतात.

आमच्या काळी खुर्ची कुठं होती. आठवडी बाजारात लिंबाखाली गोणपाट टाकलेलं, मी उकिडवा, गिऱ्हाईक समोर मांडी घालून, डोकं माह्या गुडघ्याले लागलेलं. ते हालाच्या आधी गुडघ्याले समजे. खुर्ची आली, कंबर वाचली, पण ते समजणं गेलं. आता ते काम करंगळीनं कराव लागते.

वरोरा_जेन्ट्स

काका बोलले त्यात तोड नाही. मी "केव्हा हलते" त्यावर लिहितो, कारण आमच्याकडे यावर दुकानाची रचनाच बदलली.

गावातल्या माणसाले दारात कोण आलं ते पाहिल्याशिवाय चैन पडत नाही. कोणी "रामराम" म्हणो की "जय भीम", खुर्चीतला माणूस मान फिरवून उत्तर देणारच. न दिलं तर उद्या वावरात विचारतील, लय मोठा झाला का म्हणून. आमच्या दोन्ही खुर्च्या आधी अशा होत्या की दार डाव्या खांद्यामागे येई. दिवसभर माना डावीकडे. मी मागच्या भिंतीवर एक आरसा असा तिरपा लावला की समोरच्या आरशात दार आणि रस्ता दिसते. आता माणूस आरशातच रामराम करते. खर्च एका आरशाचा, पण माना फिरणं निम्म्याहून कमी झालं असं मले तरी वाटते.

मोबाइल ही दुसरी गोष्ट. खिशात व्हायब्रेट झाला की हात कापडाखालून खिशाकडे जाते, खांदा उचलते आणि खांद्यासंगं मान. आम्ही कापड बांधायच्या आधीच फोन समोरच्या फळीवर ठेवायले लावतो. वाजला तर मी पहिले वस्तरा उचलतो, मग "भाऊ, फोन" म्हणतो. आधी बोललं की माणूस हलते, म्हणून आधी हात, मग तोंड.

शिंक ओळखता येते. नाकावर केस पडला, पावडर जास्त उडाली की नाकपुड्या फुगतात, श्वास अडकते, डोळे बारीक होतात. तेवढ्या वेळात हात मागे नेता येते. म्हणून मिशीवर काम करताना मी आरशात पाहत नाही, चेहऱ्यावर पाहतो. अन् ब्रशनं नाक दर थोड्या वेळानं झाडतो.

उन्हाळ्यात वेगळाच ताप. चंद्रपूरकडे मे महिन्यात पारा 45 च्या वर जाते, मानेवर घाम, घामाले बारीक केस चिकटतात, खाज सुटते आणि माणूस खुर्चीत वळवळते. कूलरचा झोत थेट गिऱ्हाइकावर सोडला तर कापलेले केस डोळ्यात. झोत पाठीमागून, कमरेच्या उंचीवर ठेवा. मानेले कापडाच्या आत एक कोरडा रुमाल गुंडाळा.

पान_ठेला_समोर

आमचा कारागीर गळ्यावर वस्तरा ठेवून विचारते, "भाऊ, यंदा कापसाले काय भाव राहीन?" सांगा, माणूस हलणार नाही तर काय करणार?

जुना_वस्तरा

त्या कारागिराचं लायसन काढून घ्या! गळ्यावर वस्तरा असताना प्रश्न विचारणं हाच गुन्हा होय. उत्तर द्याले गळ्याची घाटी वर-खाली होते. गप्पा कैचीच्या वक्ती, वस्तऱ्याच्या वक्ती मौन. गिऱ्हाईकच बोलाले लागलं तं वस्तरा उचलाचा, त्याचं पुरं होऊ द्याचं, मंग टेकवाचा. कातडी दुसऱ्या हातानं ताणून धराची अन् पातं झोपतं ठेवाचं, उभं नाही.

पोट्ट्याची_माय

मी कारागीर नाही, पण लिहिते, कारण लेकरू हलते तेव्हा सगळे मायकडेच पाहतात.

माझा मुलगा 6 वर्षांचा आहे, त्याला ऑटिझम आहे. मशीनचा आवाज, मानेला लागणारे केस, पाण्याचा फवारा, सगळंच त्याला टोचतं. दोन दुकानांतून "याला धरा, नाही तर घेऊन जा" ऐकून परत आलो. आमच्या तालुक्याच्या ठिकाणी एका कारागिराने वेगळं केलं. पहिल्या वेळी मशीन बंद असतानाच त्याच्या हातात दिली. मग चालू करून स्वतःच्या हातावर फिरवली, मग माझ्या हातावर, मग मुलाच्या खांद्यावर कापडावरून. त्या दिवशी फक्त मागचे केस कापले आणि थांबला. उरलेले दोन दिवसांनी. प्रत्येक वेळी "आता मागे लावतो, पाच म्हणेपर्यंत" असं सांगायचा आणि खरंच पाचला थांबायचा. मुलाला कळलं की हे संपणारं आहे. दुपारी गर्दी नसताना बोलवायचा, रेडिओ बंद.

आणि बाप मंडळींना विनंती. मोबाइलवर व्हिडिओ लावून देता ते ठीक, पण फोन हातात धरून उभे राहता. तुमचा हात हलतो, फोन हलतो, आणि लेकराचं डोकं फोनच्या मागे फिरतं. फोन आरशाला टेकवून ठेवा.

कैचीवाला_दारव्हा

ताई, "पाचला खरंच थांबायचा" हे भावाले वाचून दाखवलं.

सिस्टर_उपकेंद्र

लागल्यावर काय, यावर लिहिते. आमच्याकडे सणाच्या आधी असे कान-मान घेऊन लोक येतात, बहुतेकांवर काहीबाही फासलेलं असतं. हळद, तंबाखू, राख, एकाच्या कानावर तर पेस्ट होती.

आधी हत्यार खाली. मग स्वच्छ कापूस किंवा गॉज जखमेवर ठेवून बोटाने दाबून धरायचं, घड्याळ लावून पूर्ण 10 मिनिटं. मधे उचलून "थांबलं का" पाहायचं नाही. प्रत्येक वेळी उचललं की जमत आलेली गुठळी निघते आणि पुन्हा पहिल्यापासून. कानाची पाळी दोन्ही बाजूंनी चिमटीत धरून दाबता येते, तिथे हे सोपं आहे. रक्त थांबलं की साबणाच्या पाण्याने सभोवती पुसून कोरडं करा, पट्टी लावा. बस.

10 मिनिटं नीट दाबूनही थांबत नसेल, जखमेची तोंडं उघडी दिसत असतील, किंवा कानाच्या वरच्या भागात आतलं मऊ हाड दिसत असेल, तर त्याच दिवशी दवाखाना. मऊ हाडाला जंतू लागले की कानाचा आकार बिघडतो, ते पाळीसारखं सोपं नसतं. धनुर्वाताच्या सुईचं विचारा. शेवटची सुई 10 वर्षांच्या आत झाली असेल तर साध्या स्वच्छ जखमेला पुन्हा लागत नाही, जखम घाण असेल तर 5 वर्षांचा हिशेब धरतात.

वयस्कर गिऱ्हाइकाला कापड बांधतानाच विचारा, "काकाजी, रक्त पातळ करायची गोळी चालू आहे का?" बायपास, स्टेंट, अर्धांगवायू झालेल्यांना ॲस्पिरिन, क्लोपिडोग्रेल, वॉरफेरिन असतं. त्यांचं साधं खरचटलेलंही बराच वेळ वाहतं. घाबरू नका, जास्त वेळ दाबा. शक्यतो त्यांना वस्तरा लावू नका, ट्रिमरने दाढी करा.

जुना_वस्तरा

सिस्टर, सगळं पटलं, पण तुम्ही तुरटीचं नावच नाही घेतलं. आमचा सगळा धंदा तुरटीवर उभा हाय. दाढी झाली, तुरटी फिरवली, बारीक-सारीक रक्त बंद. मले तं आजवर काही झालं नाही.

सिस्टर_उपकेंद्र

काका, तुरटीने रक्त थांबतं हे खरंच आहे, बारीक केशवाहिन्या आकसतात. माझं भांडण तुरटीशी नाही, एकाच खड्याशी आहे. सकाळी रक्त आलेल्या माणसाच्या गालावरचा तोच ओला खडा दुपारी दुसऱ्याच्या गालावर फिरतो. हिपॅटायटिस बी, म्हणजे रक्तातून पसरणाऱ्या काविळीचा विषाणू बाहेर वाळलेल्या रक्तात 7 दिवससुद्धा जिवंत राहू शकतो. तुरटीची पूड करून ठेवा. चिमूटभर ओल्या कापसावर घ्या, लावा, कापूस फेका.

ब्लेडचंही तेच. नवीन ब्लेड गिऱ्हाइकाच्या डोळ्यादेखत फोडायचं, आणि वापरलेलं कचऱ्यात नाही, जाड प्लास्टिकच्या बाटलीत टाकायचं. गावात कचरा गाई-म्हशींच्या तोंडी जातो. कैचीला रक्त लागलं तर आधी साबणाच्या पाण्याने धुवा, मग स्पिरिटने पुसा. ब्लीचिंगमध्ये बुडवू नका, गंज चढतो.

आणि कारागिरांनो, कापतं ते फक्त गिऱ्हाईक नाही. तुमच्या बोटांना रोज चिरा पडतात. हिपॅटायटिस बी ची लस तीन डोसची असते, पहिला, मग महिन्याने, मग पहिल्यापासून सहा महिन्यांनी. घेऊन टाका.

जुना_वस्तरा

पूड करतो बाप्पा. लसीचंही पाहतो.

लाईट_गेली_भाऊ

गडचिरोली जिल्ह्यातून. तुम्ही सगळे गिऱ्हाईक हलते म्हणून रडून राहिले, आमच्याकडे लाईट हलते. मशीन केसात असताना लाईट गेली की पाती तिथंच थांबतात आणि केस अडकतात. गिऱ्हाइकाले ओढ बसते, ते "आई गं" करून मान झटकते आणि मशीन केसांसकट उपटून निघते.

ओढायचं नाही. बटन बंद करा, नाही तर लाईट परत आली की मशीन तशीच सुरू होते. मग बाजूची लिव्हर हळूहळू पुढं-मागं करा, पाती एकमेकांवरून सरकतात, केस मोकळे होतात. मग ज्या दिशेनं आत गेली त्याच्या उलट दिशेनं काढा. व्होल्टेज कमी असतानाही मशीन घुरघुर करते आणि केस कापण्याऐवजी ओढते. तेव्हा चालवूच नका, चार्जिंगचा ट्रिमर घ्या, नाही तर सरळ कैची.

पात्यांची सेटिंग बघत जा. आतलं हलणारं पातं बाहेरच्या स्थिर पात्याच्या किंचित मागं असायले पाहिजे. काही पोट्टे जास्त बारीक निघावं म्हणून दोन्ही पाती एका रेषेत आणतात. मग मानेवर लाल चट्टे, कानामागे चिमटे. गिऱ्हाईक हललं म्हणून लागलं म्हणता, पण न हलताही लागलंच असतं. तेल घाला, दर चार-पाच कटिंगनंतर पातं हाताले लावून पाहा. तापलं की माणूस उडतेच.

नागपूरला_शिकलो

रक्त सोडा, सगळ्यात जास्त भानगड होते ती केसांतल्या खड्ड्याची. पोट्टं खाली वाकलं, मशीन वर गेली, झाला बाजूले एक पट्टा पांढरा.

पहिला नियम, लगेच दुरुस्त करायले जाऊ नका. हात थांबवा, लेकराले पाणी द्या, आरशात दोन्ही बाजू पाहा. घाबरलेला कारागीर खड्डा मिटवायले आजूबाजूचं कापते, मग दुसरी बाजू जुळवायले तिकडचं कापते, आणि शेवटी गोटा. खड्डा कानाच्या उंचीच्या खाली असेल तर बाजूचा फेडच तिथून सुरू करा. खड्ड्यापाशी बिनागार्ड (गार्ड म्हणजे मशीनले लावायचा कंगवा), वर 1 नंबर म्हणजे 3 मिलिमीटर, त्याच्या वर 2 नंबर म्हणजे 6, मग 3 नंबर 10. मधल्या रेषा लिव्हरनं मिटवा. खड्डा वरती, भांगाजवळ असेल तर काही मिटवू नका. वरचे केस लांब ठेवून त्यावरून विंचरा आणि भांग बदला. केस महिन्याले साधारण सव्वा सेंटीमीटर वाढतात, म्हणजे दोन-तीन आठवड्यांत डोळ्यात खुपणारा पट्टा जाते.

हे बापाले आधीच सांगा. "हललं म्हणून झालं" असं म्हणू नका, ते त्याले दिसलंच आहे. "इथं जास्त निघालं, मी असं असं जुळवतो, पंधरा दिवसांनी ये, मोफत सेट करून देतो" एवढं बोला.

पान_ठेला_समोर

पैसे घ्यायचे का मग त्या दिवशी?

वरोरा_जेन्ट्स

रक्त आलं तर नाही घ्यायचे. खड्डा पडला तर अर्धे.

लाईट_गेली_भाऊ

मी नाही मानत. लेकरू उडी मारते, बाप मोबाइलवर रील पाहत बसते, आणि पैसे कारागिरानं सोडायचे? रक्त आलं तर दवाखान्यात मी स्वतः घेऊन जाईन, सुईचे पैसेही मीच देईन. पण पूर्ण कटिंग झाली तर कटिंगचे घेईन. नाही तर उद्यापासून सगळेच पोट्टे हलतील.

कैचीवाला_दारव्हा

बाबांचा हिशेब तिसराच आहे. ते म्हणतात, पैसे घ्यायचे का ते गिऱ्हाइकाले विचारू नका आणि आपणही मागू नका, त्यानं खिशात हात घातला तर घ्या. मी अजून ठरवलं नाही. सालावर धान्य घ्यायचे तेव्हा ही भानगडच नव्हती म्हणतात.

कोणी वयस्कर लोकांबद्दल लिहा ना. आमच्याकडे एक आबाजी येतात, त्यांची मान सतत हलते. भाऊ त्यांच्याजवळ जातच नाही.

घरपोच_कटिंग_पुसद

माझं हेच काम आहे, झोपून असलेल्या, हातपाय थरथरणाऱ्या माणसांची घरी जाऊन कटिंग-दाढी. कंपवाताचं असेल तर घरच्यांना विचारा, गोळी केव्हा घेतात. गोळीनंतर साधारण तासाभराने हात-मान बऱ्यापैकी शांत होते, तीच वेळ घ्यायची. उशी किंवा गुंडाळलेली चादर मानेमागे देऊन डोकं टेकवा. अधांतरी मान जास्त हलते.

हलणं एका तालात असतं. दोन मिनिटं नुसता हात ठेवून बसा, ताल कळतो. मग जुना_वस्तरा काका म्हणाले तसंच, हात डोक्यासोबत जाऊ द्या. कैची न घेता 3-4 नंबरचा गार्ड लावून मशीन. गार्ड असल्यावर मान कितीही हलली तरी पातं कातडीला लागत नाही. कानाजवळचे चार केस राहिले तर राहू द्या. आबाजींना कोण विचारतं?

"हलू नका" असं मात्र त्यांना कधी म्हणू नका. तो माणूस हलत नाहीये, त्याचा आजार हलवतो आहे. म्हटलं की मनावर घेतात, आणि ताण आला की कंप वाढतो.

सिस्टर_उपकेंद्र

यात एक भर. खुर्चीत एखाद्याला मिरगीचा झटका आला तर तेही "एकदम हलणं"च असतं. वस्तरा-कैची लांब फेका, कापड सोडा, माणसाला खाली जमिनीवर घेऊन कुशीवर वळवा. तोंडात चमचा नाही, नाकाला चप्पल-कांदा नाही, हातपाय दाबून धरायचे नाहीत. 5 मिनिटांत थांबलं नाही तर 108. आणि पोरगं उपाशी येऊन रक्त पाहून चक्कर येऊन पडलं तर झोपवून पाय वर करा, लगेच उठवून बसवू नका.

आणखी एक राहून जातं म्हणून सांगते. कटिंग झाल्यावर मान "कटकट" मोडून देता ना, ते बंद करा. मानेतून मेंदूला जाणाऱ्या रक्तवाहिन्या असतात, झटक्याने पिळल्या तर आतून फाटू शकतात आणि अर्धांगवायू येतो.

पान_ठेला_समोर

घ्या. म्हणजे आता 10 रुपयांची मान मोडणंही गेलं.

वरोरा_जेन्ट्स

डोक्याची तेलमालिश करा ना भाऊ, ती कुठं गेली?

एक विसरलो. हातातून कैची निसटली तर झेलायची नाही, पाय मागं घ्यायचा. माझ्याकडचा एक कारागीर क्रिकेटवाला होता, त्यानं झेलली, तीन टाके. आणि दुकानात चप्पल नाही, बूट. कापलेला बारीक केस पायाच्या बोटांच्या बेचक्यात काट्यासारखा घुसते आणि पिकते.

कैचीवाला_दारव्हा

सगळ्यांचे आभार. आता अडचण पोळ्याची. अख्खा श्रावण अर्ध्या गावानं दाढी ठेवली, पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी ते सगळे येणार. आणि त्याच दिवशी तान्हा पोळा, लेकरांले लाकडी बैल घेऊन मिरवायचं, म्हणून सकाळपासून मायांची रांग. बाहेर ढोल-डीजे. भावाची पहिलीच मोठी गर्दी. त्याले कोणतं काम देऊ?

घरपोच_कटिंग_पुसद

लेकरांचं पोळ्याच्या दोन दिवस आधीच उरकून टाका. शाळा सुटायच्या वेळी दुकानाबाहेर पाटी लावा, "लहान मुलांची कटिंग आज".

जुना_वस्तरा

महिन्याच्या दाढीले एकदम वस्तरा लावू नका, केस ओढते अन् माणूस उडते. पयले ट्रिमरनं बारीक, मंग गरम पाण्याचा फडका, मंग वस्तरा. ट्रिमर अन् फडका भावाकडं, वस्तरा तुमच्याकडं. खुर्च्या आजूबाजूले घ्या म्हणजे माणूस भावाच्या खुर्चीतून उठून तुमच्या खुर्चीत बसते, काम पुढं सरकते.

कैचीवाला_दारव्हा

जमते. आणि लेकरू आलंच त्या दिवशी तर?

जुना_वस्तरा

खुर्चीवर आडव्या टाकलेल्या फळीवर बसवा, गार्ड लावा, 4 नंबर. मिरवणूक दारासमोर आली की मशीन बंद करून त्याले दारात नेऊन बैल दाखवा. जाऊ द्या पुढं, मंग परत बसवा.